ओटा, माळवद आणि परस



परदेशी स्थायिक झालेली आपल्याकडची मुले घरी छायाचित्रे पाठवतात, त्यांत एक चित्र हमखास असते. घराच्या मागच्या अंगाला, जमिनीपासून हात-दीड हात उंच असा लाकडी फळ्यांचा मोकळा चौथरा, भोवती कठडा, वर चार खुर्च्या, एका कोपऱ्यात मांस किंवा मक्याची कणसे भाजायची शेगडी. तिकडे त्याला ‘डेक’ म्हणतात. कन्नड तालुक्यातल्या एखाद्या सत्तरी उलटलेल्या आजीपुढे ते चित्र धरा. ती क्षणभर बघेल आणि म्हणेल, “हा तर परसातला ओटाच की! फक्त लाकडाचा हाय.”

आजीचे म्हणणे खरे आहे. मात्र त्यात एक मेख आहे, आणि आजच्या भाषणात मला त्या मेखेविषयीच बोलायचे आहे. उघड्यावर बसण्या-उठण्याची, निजण्याची, गप्पा मारण्याची जागा आपल्या घराला नेहमीच होती. पण तिथे कोण बसत होते, कोणाशेजारी बसत होते, आणि कोणाला तिथून उठावे लागत होते? इतिहासाच्या पुस्तकांत किल्ले, दरबार आणि तह असतात. हा प्रश्न त्यांत सहसा नसतो. आमच्या इतिहासाच्या वर्गातही तो क्वचितच निघतो. म्हणून तो इथे काढतो.

प्रथम शब्दांकडे पाहू. घराच्या आतल्या भागाला आपल्याकडे शब्द किती? खोली, माजघर, देवघर, सैंपाकघर, फार तर बळद. आता बाहेरचे मोजा. ओटा, ओसरी, पडवी, सोपा, ढेलज, अंगण, चौक, परस, माळवद, गच्ची, सज्जा, आणि घराच्या बाहेर पडलो की पार. मुसलमानी मोहल्ल्यात गेलो तर सहन, दालान, चबुतरा. माणूस जिथे राहतो तिथल्या कानाकोपऱ्याला तो वेगवेगळे नाव देतो. या शब्दांच्या हिशेबाने पाहिले तर मराठवाड्याचा माणूस घरात कमी आणि घराच्या कडेला जास्त राहत आला.

त्याचे कारण हवेत आहे. कन्नड हे गाव सातमाळ्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरांहून थोडे अधिक उंचीवर वसले आहे. औट्रम घाट उतरला की चाळीसगाव, म्हणजे खानदेश. तिथला उन्हाळा रात्रीही अंगाला चिकटून राहतो. इकडे घाटमाथ्यावर एप्रिल-मे महिन्यांत दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, पण हवा कोरडी असल्यामुळे दिवे लागले की वारा सुटतो आणि मध्यरात्रीनंतर अंगावर वाकळ ओढून घ्यावी लागते. अशा हवेसाठी बांधलेले घर म्हणजे माळवदाचे घर. काही ठिकाणी त्यालाच धाब्याचे घर म्हणतात.

ज्यांनी ते पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगतो. दगड-मातीच्या दोन-अडीच हात जाडीच्या भिंती. आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या, कड्यांवर फळ्या किंवा नुसत्या काटक्या. त्यावर पाला पसरायचा आणि पाल्यावर मातीचा थर चोपून बसवायचा. ही माती शेतातली काळी चालत नाही, ती फुगते आणि तडकते. लागते ती गावठाणातली पांढरी, खारट माती. तिच्यातून पाणी सहसा झिरपत नाही. थराला किंचित उतार देऊन कडेला पन्हाळे सोडायचे. मध्ये धूर जायला आणि उजेड यायला भोक ठेवायचे, त्याला साणे म्हणतात. दर साल पावसाळ्याच्या तोंडावर आणखी चार पाट्या माती वर चढायची. तीन पिढ्यांच्या घरावर तीन पिढ्यांची माती साचलेली असे, आणि हा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे तो फार महागात पडलेला दिसेल.

या घराची खुबी अशी, की दिवसभराचे ऊन त्या जाड मातीतून खाली उतरायला रात्र पडते. दुपारी माजघर थंडगार. रात्री मात्र मुरलेली उष्णता आत उतरू लागते, आणि त्याच वेळी मोकळ्या आभाळाखाली माळवदाचा वरचा थर भराभर निवतो. मग माणसाने काय करावे? वर जावे. म्हणजे एकाच घरात माणूस प्रहराप्रहराने जागा बदलत असे. दुपारी माजघर, उन्हे कलली की ओटा, रात्री माळवद, पहाटे पुन्हा अंगण. पंखा आणि वीज येण्यापूर्वी उन्हाळा सुसह्य करण्याची ही रीत होती, आणि तिला खर्च एका शिडीचा.

गल्लीतली माळवदे एकमेकांना लागून असत. पोरे या टोकापासून त्या टोकापर्यंत वरच्या वर पळत. दिवसा तिथे शेवया, कुरडया, पापड, खारोड्या वाळत, आणि कावळे हाकायला एखादी म्हातारी छत्री घेऊन बसे. रात्री बाजा नि वाकळा पडत. पुरुष एका अंगाला, बायका-मुले दुसऱ्या अंगाला. घरात नवे जोडपे असले म्हणजे त्यांची सोय कशी होई, हा प्रश्न वडीलधाऱ्यांनी मोठ्याने कधी विचारला नाही, आणि आपणही विचारू नये. मुलांना तारे ओळखू येत ते तिथेच. सप्तर्षी म्हणजे म्हातारीची बाज. चार तारे बाजेचे खूर आणि मागचे तीन तारे ती बाज पळवायला आलेले चोर. शाळेतला भूगोल त्यानंतर सुरू होई.

आता जरा मागे जाऊ, पार दोन हजार वर्षे मागे. त्यासाठी आपल्याला तालुक्याबाहेर पडायचेही कारण नाही. गौताळ्याच्या रानालगत पितळखोऱ्याची लेणी आहेत. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास ती कोरायला सुरुवात झाली, म्हणजे अजिंठ्यातली अगदी आरंभीची लेणी आणि ही लेणी एका पिढीची. ज्या कड्यात ती खोदली तो खडक ठिसूळ, म्हणून बरीच ढासळली आहेत. १९५० नंतरच्या दशकात पुरातत्त्व खात्याने तिथला ढिगारा उपसला, तेव्हा त्यातून एक हसरा, बुटका यक्ष निघाला. तो आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्याला कोरणाऱ्याचे नाव तो हातावर घेऊनच उभा आहे: कन्हदास, धंद्याने सोनार. इथल्या शिलालेखांत पैठणच्या एका गंध्याचे, म्हणजे अत्तरे-सुगंध विकणाऱ्याचे दान आहे, आणि मगिल नावाच्या राजवैद्याच्या घराण्याचेही आहे.

मी विद्यार्थ्यांना तिथे नेतो तेव्हा आधी लेण्याच्या आत शिरू देत नाही. बाहेरच्या प्रांगणात उभे करतो. हत्तींच्या रांगेवर तोललेला तो चौथरा, वर चढत जाणारा जिना, समोर दरी आणि पावसाळ्यात कड्यावरून कोसळणारे पाणी. भिंतीवर कमानदार गवाक्षे आणि त्यांना जोडणारे कठडे कोरलेले आहेत. हे कठडे दगडाचे असले तरी त्यांची घडण सुताराची आहे. उभे खांब, खांबांत आडव्या पट्ट्या घुसवलेल्या, अगदी लाकडात सांधा करावा तशा. दगडाला सांध्याची काय गरज? पण कोरणाऱ्याने पैठणात, तेरमध्ये घरांचे लाकडी सज्जे पाहिलेले होते आणि तेच त्याने इथे उतरवले. ती घरे जळाली, कुजली, नामशेष झाली. आपल्या पूर्वजांच्या लाकडी सज्ज्यांची आज शिल्लक असलेली प्रत म्हणजे लेण्यातला हा दगड. भाजे, बेडसे, कार्ले इथेही हेच दिसते, आणि अजिंठ्याच्या चित्रांत तर मंडप, सज्जे आणि त्यांत बसलेली माणसे रंगासकट भेटतात.

पुस्तकातला पुरावा हवा असेल तर वात्स्यायनाचे कामसूत्र घ्या. नाव ऐकून कोणी रेडिओ बंद करू नये. मी त्यातल्या घराच्या वर्णनाबद्दल बोलतो आहे. शौकीन नागरकाच्या घराला लागून झाडांची वाटिका असावी, तिथे सावलीत झोपाळा असावा, आणि फुलांनी सजवलेला मातीचा बसायचा ओटा असावा, असे तो सांगतो. चंद्र बघायला गच्चीही त्याने नेमून दिली आहे. म्हणजे परसातला ओटा हा अस्सल जुना आहे. पण पाहा, त्या ओट्यावर बसणारा माणूस सुखवस्तू आहे, त्याच्याजवळ वेळ आहे आणि सेवक आहेत. तो ओटा सारवणारी बाई त्या ग्रंथात बसलेली दिसत नाही.

ओट्याला एक निराळा अर्थ दिला तो आपल्याच भागात, तेराव्या शतकात. चक्रधरस्वामींच्या आठवणी म्हाइंभटांनी गोळा केल्या, तो ‘लीळाचरित्र’ ग्रंथ. पैठण, वेरूळ, गोदाकाठची गावे यांतून स्वामी हिंडले. म्हाइंभटांची एक सवय इतिहासाच्या अभ्यासकाला फार उपयोगाची आहे. कोण काय बोलले एवढेच ते सांगत नाहीत. बोलणारा कुठे बसला होता तेही टिपतात. अंगणात की पटिशाळेत, देवळाच्या कोणत्या बाजूला, झाडाखाली की नदीकाठी. ‘आसन’ हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. पुढे पंथीयांनी ती ती ठिकाणे शोधून काढली, ‘स्थानपोथी’त त्यांची नोंद केली, आणि जिथे स्वामी बसले तिथे ओटे बांधले. आजही महानुभावांच्या स्थानी तुम्हाला मूर्तीऐवजी ओटा दिसेल, आणि भाविक त्यालाच नमस्कार करतात. जगाच्या पाठीवर बसण्याच्या जागेला एवढा मान क्वचितच मिळाला असेल. शिवाय चक्रधरांच्या त्या उघड्यावरच्या बैठकीत बायका होत्या, त्या प्रश्न विचारीत होत्या, आणि त्यांची उत्तरे टिपून ठेवली गेली. महदाइसा तर विचारून विचारून स्वामींना भंडावून सोडी. गावातल्या ओट्यावर हे त्या काळी घडत होते, असे मला वाटत नाही.

यादवांनंतर राजसत्तेने आपले ओटे उंच चढवले. दौलताबादच्या किल्ल्यावर, अंधारी वाट ओलांडून दमछाक करीत वर गेले की बारादरी लागते. शहाजहान १६३६ साली इकडे आला त्या काळातली ही वास्तू. तिच्या पुढच्या गच्चीवरून सारा मुलूख पायाखाली दिसतो. बादशहाला वारा हवा होता हे खरे, पण वाऱ्याइतकाच देखावाही हवा होता. छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे जुन्या औरंगाबादची पाणचक्की मला जास्त आवडते. अठराव्या शतकातली ही रचना. डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या नळांतून आणून उंचावरून हौदात सोडले, त्या पाण्यावर जाते फिरवले, आणि खुद्द हौदाच्या तळाखाली मोठे दालन काढले. वर पाणी, खाली माणसे. उन्हाळ्यात त्या दालनात शिरलेल्याला बाहेर यावेसे वाटत नाही. आमच्या माळवदात मातीने जे केले ते इथे पाण्याने केले. आणि मुख्य म्हणजे तिथली जागा वाटसरूंसाठी, फकिरांसाठी होती.

त्याच शहरात आणि आसपासच्या कसब्यांत मुसलमान घरांतून ‘सहन’ असे. चारी बाजूंनी भिंत, मध्ये आभाळ. संध्याकाळी पाणी शिंपडून तिथे लाकडी तख्त मांडायचे, त्यावर पांढरी चांदणी अंथरायची, लोड ठेवायचे. अमेरिकन डेकचा सख्खा भाऊ शोधायचा तर तो हा तख्त. आणि तिथे बायका निवांत बसू शकत, कारण भिंतीपलीकडून कोणाची नजर पडत नव्हती.

इथवर आपण राजे, साधू आणि शौकीन यांच्या ओट्यांवरून फिरलो. आता गावात येऊ.

गावातला पुढचा ओटा म्हणजे घराचा दर्शनी चेहरा. पाटलाचा ओटा उंच, कुणब्याचा बेताचा, आणि गावकुसाबाहेर ओटाच नाही. त्या उंचीत गावाची उतरंड होती. कोण ओट्यावर चढणार, कोण पायरीवर बसणार, कोण खाली उभा राहून बोलणार, हे कोणी कागदावर लिहिलेले नव्हते, पण शेंबड्या पोरालाही पाठ होते. बलुतेदार आला तर पायरी. महार-मांग आला तर अंगणाच्या कडेला, तेही सावली पडणार नाही अशा बेताने. आपल्या जुन्या वाड्यांची छायाचित्रे बघून आपण ‘काय ते मोकळे, ऐसपैस जगणे’ म्हणतो, तेव्हा त्या चित्राच्या चौकटीबाहेर कोण उभे होते तेही विचारावे. महात्मा फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, तेव्हा घराचे आवार सगळ्यांसाठी उघडण्यासारखी साधी गोष्ट किती अवघड होती ते कळते.

दौलताबादचीच आणखी एक हकीकत आहे. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांबरोबर किल्ला पाहायला आले होते. दरवाज्याजवळ पाण्याने काठोकाठ भरलेले छोटे तळे, भोवती रुंद फरसबंदी. प्रवासाने सगळे धुळीने माखलेले. काही जणांनी त्या फरशीवर बसून हातपाय-तोंड धुतले. एवढ्यावर आरडाओरडा झाला, तळे बाटवले म्हणून माणसे अंगावर आली, आणि शेवटी पाण्याला हात न लावण्याच्या अटीवर, पहाऱ्यात किल्ला पाहावा लागला. बाबासाहेबांनी स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली आहे. उन्हातून आलेल्या माणसाने पाण्याकाठच्या फरशीवर घटकाभर टेकायचे, यापेक्षा निरुपद्रवी सुख कोणते? तेही मिळत नव्हते. पुढे १९५० साली याच बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले, आणि ज्यांच्या बापजाद्यांना ओट्याची पायरी माहीत नव्हती अशा मुलांना बसायला मोकळे प्रशस्त आवार मिळाले.

आता बायकांचे पाहू. पुढच्या ओट्यावर घरची सून बसलेली कोणी पाहिली होती का? सासरे, दीर, येणारे-जाणारे यांचा तो मुलूख. तिला त्यावरून जायचे तर पदर सावरून, भिंतीकडेने. ओटा झाडणे, सारवणे, रांगोळी घालणे तिचे, बसणे त्यांचे. तिची जागा मागे, परसात.

परस ही गोष्ट आपल्या इतिहासाने फार दुर्लक्षिली. मागचे दार उघडले की आड किंवा रांजण, धुण्याचा दगड, न्हाणीचे पाणी जाते तिकडे केळ नि अळू, शेवग्याचे झाड, कढीपत्ता, गोठ्याची एक बाजू, सरपणाची रास. आणि मागच्या भिंतीला लागून हात-दीड हात रुंदीचा मातीचा ओटा. निवडणे, टिपणे, पाखडणे, डोके विंचरणे, बाळाला तेल लावून न्हाऊ घालणे, लेकी माहेरी आल्या की त्यांच्याशी हळू आवाजात बोलणे, सारे तिथे. शेजारणीशी बोलणे बुटक्या भिंतीवरून, आणि वाटीभर साखर, विस्तवाचा निखारा, दुखण्याखुपण्याचे औषध, सगळ्याची देवघेव तिथूनच. पुरुष परसात सहसा रेंगाळत नसत. गावातल्या कितीतरी सोयरिकी ठरल्या पुढच्या ओट्यावर असे आपण म्हणतो. त्या खरोखर ठरल्या परसात, पुढे नुसती सुपारी फुटली. खाली खानदेशात आखाजीला माहेरवाशिणी झोके बांधून गाणी म्हणतात, त्यांचा आवाजही घरामागच्या झाडांतून येतो.

परसात ती स्वतंत्र होती असे मी म्हणणार नाही. तिथेही काम होतेच, आणि सासूचे डोळे होते. पण सबंध घरात आभाळ दिसेल अशी आणि नजर झुकवावी लागणार नाही अशी तिची एवढीच एक जागा होती.

गोऱ्या साहेबांनी आपल्याकडून या बाबतीत बरेच उचलले. ज्याच्या नावाने कन्नडचा घाट ओळखला जातो तो जेम्स औट्रम एकोणिसाव्या शतकात खानदेशात भिल्ल पलटणीवर होता. त्याच्यासारखे अधिकारी ज्या बंगल्यांतून राहत त्यांना चारी बाजूंनी व्हरांडा असे, आणि आवारात एक चुन्याचा चबुतरा. संध्याकाळी त्यावर पाणी मारून खुर्च्या टाकायच्या आणि काळोख पडेतो बसायचे. चबुतरा हा आपला शब्द त्यांच्या कोशात गेला, तसा व्हरांडाही जगभर पसरला. अमेरिकेत गेल्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत घराच्या पुढच्या बाजूला छपराखालची ओसरी असे. लोक संध्याकाळी तिथे बसत, रस्त्याने जाणाऱ्याला हाक मारीत. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, रस्ता गोंगाटाचा झाला, घरात दूरचित्रवाणी आणि थंड हवेचे यंत्र आले. नव्या उपनगरांतली घरे रस्त्याकडे पाठ फिरवून मागच्या हिरवळीकडे तोंड करून बसली, आणि पुढची ओसरी मागे जाऊन डेक झाली. तिथे पुरुष शेगडीपाशी उभा राहून भाजतो, म्हणजे सैंपाक करतो, हे एक विशेषच. आपल्या परसात हे दृश्य माझ्या पाहण्यात नाही. आणि आजीच्या बोलण्यातली मेख ती हीच. तिकडचे परस सबंध कुटुंबाचे, निवांतपणाचे. आपले परस बाईचे आणि कामाचे.

आता माळवदाकडे परत येतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली (आता धाराशिव) गावेच्या गावे झोपेत गाडली गेली, हजारो माणसे दगावली. दगड-मातीच्या जाड भिंती, ज्यांत दगडाला दगड धरून ठेवणारे काही नव्हते, आणि डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या चढवलेली ती मणावारी माती. उन्हाळ्यात जिने थंडावा दिला तीच माती अंगावर आली. पावसाळा असल्यामुळे माणसे माळवदाच्या वर नव्हती, खाली होती. उन्हाळा असता तर किती वाचले असते, असा विचार मनात येतो आणि पुढे सरकत नाही.

तेव्हा जुन्या घराचे गोडवे गाताना जरा जपून. मला माळवदावरच्या रात्री प्रिय आहेत, पण ते घर तसेच ठेवा असे मी कोणाला सांगणार नाही. त्यात गळती होती, साप-विंचू होते, आणि तो भार होता. किल्लारीनंतर पन्नासाहून अधिक गावे नव्या जागी वसवली. घरे पक्की झाली. पण रस्ते रुंद आणि सरळ, घरे रांगेत, भाऊबंद एकीकडे आणि शेजार दुसरीकडे. ओट्याला ओटा लागून असलेली गल्ली त्या आराखड्यात नव्हती. लोकांनी पुढे आपापल्या पैशाने पत्र्याचे सोपे काढले, कुंपणाच्या भिंती घातल्या, ओटे बांधले. सरकारी आराखड्यात जे राहून गेले ते माणसांनी हळूहळू भरून काढले. याची नोंद अभियंत्यांपेक्षा इतिहासाच्या माणसाने घ्यायला हवी.

मराठवाड्यात इतरत्र माळवदे गेली ती भूकंपाच्या धास्तीने, लाकूड महागल्याने आणि काही अंशी ‘मातीचे घर’ म्हणून वाटणाऱ्या लाजेने. जागी सिमेंटचा स्लॅब आला. तो पातळ, दुपारीच तापतो आणि रात्री उशिरापर्यंत खाली धग सोडतो. म्हणजे वर जाऊन निजण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली, पण जाणारे कमी झाले. वर काळी टाकी, सौर बंब, तारा. कोजागिरीला मात्र आटवलेल्या दुधाचे पातेले घेऊन सगळे वर जातात, आणि अकरा-साडेअकराला डास आणि दव यांचे कारण सांगून खाली येतात.

कन्नडमध्ये आज नव्या वसाहती उठताहेत. भूखंड लहान, जमीन महाग. पुढे मोटारसायकलींना जागा हवी, म्हणून ओटा गेला. लोखंडी जाळीचे फाटक आले. मागे दोन-अडीच फुटांचा बोळ राहतो, त्यात सांडपाण्याचा नळ आणि मोडकी बादली. कुठे तोही राहत नाही, मागच्या घराची भिंत थेट आपल्या भिंतीला भिडते. घराचा नकाशा काढताना दिवाणखाना किती, निजायच्या खोल्या किती, यावर घरात चार-चार दिवस वाद होतो. परस किती, हे कोणी विचारत नाही, आणि ज्यांना विचारायला हवे होते त्या बहुधा चहा करीत असतात.

पण एक गोष्ट गेल्या काही वर्षांत माझ्या लक्षात आली आहे. परस गेल्यापासून बायका पुढे आल्या आहेत. उन्हाळ्यात दिवे लागल्यानंतर या वसाहतींतून फेरी मारा. फाटकाबाहेरच्या दोन-तीन पायऱ्यांवर, जिथे पूर्वी सुनेने बसणे अशक्य होते तिथे, शेजारच्या चार घरच्या बायका बसलेल्या असतात. कोणी मेथी निवडते आहे, कोणाच्या मांडीवर मूल आहे, कोणी गाऊनवर ओढणी घेतलेली, कोणी बँकेतून नुकतीच आलेली. आडनावे विचारली तर ती एका आळीतली निघत नाहीत. पाय रस्त्यावर सोडलेले असतात. गाडी आली की आत घेतात, गाडी गेली की पुन्हा सोडतात.